ब्रेक कुणी दिला, हे कुठे लिहायचं?

गेल्या श्रावणात एका सॉफ्टवेअर कंपनीचा तरुण आमच्या नाशिकमधल्या सातपूरच्या ऑफिसात डेमो द्यायला आला होता. कारखान्यांना माणसं पुरवण्याचं काम मी सोळा वर्षं करतो आहे. माझं भांडवल म्हणजे एक्सेलच्या शीटा, व्हॉट्सॲपचे ग्रुप आणि दोन जाडजूड रजिस्टरं. तरुण म्हणाला, तुमच्याकडचेच शंभर बायोडाटा द्या, व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) ऑपरेटरची एक रिक्वायरमेंट द्या आणि बघा. दिले. चहा गार व्हायच्या आत शंभर जणांना गुण मिळून यादी पडद्यावर आली. वरची आठ-दहा नावं बघून मी मनाशी कबूल केलं, मीही साधारण हीच काढली असती. मग यादीच्या तळाशी गेलो. तिथे पेठ तालुक्यातला एक मुलगा होता. आयटीआय मशिनिस्ट, चार वर्षं मशीनवर, ड्रॉइंग वाचतो, ऑफसेट, म्हणजे मशीनला द्यायची मापं, स्वतः घेतो. गुण ३८. शेजारी लाल अक्षरांत शेरा: स्थैर्य कमी. चार वर्षांत पाच नोकऱ्या, एकही आठ महिन्यांच्या वर नाही.

त्या पाचांतल्या तीन नोकऱ्या आमच्यामार्फत लागल्या होत्या. तिन्ही वेळा त्याने काम सोडलं नव्हतं. कंपनीकडून ‘याला ब्रेक द्या’ असा निरोप आला, आणि उद्यापासून येऊ नको म्हणून सांगणारा फोन माझ्याच ऑफिसातून गेला होता.

एमआयडीसीशी ज्यांचा संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ मध्ये बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलं की ती वर्षभराची सलग सेवा धरली जायची, आणि मग माणसाला कमी करायचं तर नोटीस, भरपाई या गोष्टी आल्या. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या नमुना नियमांत, तर तात्पुरत्या कामगाराने असे २४० दिवस भरले की त्याला कायम करावं, अशी तरतूद होती. कामगाराच्या पायाखाली जमीन असावी म्हणून घातलेला हा आकडा. व्यवहारात त्याचा उपयोग माणसाला कधी थांबवायचं ते मोजायला झाला. सहा-सात महिने झाले की ब्रेक. महिनाभर घरी. मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर दुसऱ्या गेटवर, कधी कधी त्याच गेटवर. अंबडला एक्स्लो पॉइंटवर शिफ्ट सुटताना उभं राहून दहा जणांना विचारा, किती जणांना असा ब्रेक मिळालाय ते कळेल.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता लागू झाल्या. ठरावीक मुदतीच्या नोकरीला कायद्यात नीट जागा मिळाली, अशा कामगाराला वर्षभराच्या सेवेवर ग्रॅच्युइटीचा हक्क आला, प्रत्येकाला नियुक्तीपत्र देणं बंधनकारक झालं. यातून पुढे बरं घडेल अशी मला आशा आहे. पण आज विकलं जाणारं सॉफ्टवेअर वाचतं तो इतिहास मागच्या दहा-पंधरा वर्षांचा आहे. त्या इतिहासात ब्रेक देणाऱ्याचं नाव कुठेच नाही. ब्रेक मिळाला त्याचं मात्र आहे.

माणसाची आणि कामाची गाठ घालणं नाशिकला नवं नाही. गिरणाऱ्याला आजही मजुरांचा बाजार भरतो. पेठ, सुरगाणा, हरसूल भागातली माणसं उभी असतात, द्राक्ष बागायतदार येतात, कामाचं आणि मजुरीचं बोलणं होतं, माणसं गाडीत बसून बागेवर जातात. त्या बाजाराचं मी कौतुक करणार नाही. तिथे बाई-माणसांनी तासन् तास उन्हात उभं राहायचं असतं आणि भाव पाडला जातो. पण तिथे घेणारा आणि न घेतला गेलेला समोरासमोर असतात. आपल्याला कुणी नाकारलं हे तरी माणसाला दिसतं.

आमच्या धंद्यात ते हळूहळू दिसेनासं झालं. नोकरी डॉट कॉम १९९७ साली आलं, तेव्हापासून बायोडाटा कागदावरून पडद्यावर गेला. पुढे झोहो रिक्रूट, बुलहॉर्न अशी एजन्सींसाठीची सॉफ्टवेअरं आली. ती म्हणजे एक मोठं, नीट लावलेलं कपाट होतं. बायोडाटा ठेवा, शब्द टाकून शोधा, अर्ज-मुलाखत-ऑफर-जॉइनिंग असे टप्पे पुढे सरकवा. ठरवायचं काम माणसाचंच होतं. आता जे येतं आहे त्याचा स्वभाव निराळा आहे. ते बायोडाटा वाचून स्वतः गुण देतं, उमेदवाराला यंत्राच्या आवाजात फोन करून प्रश्न विचारतं, हा जॉइन होईल का आणि झाला तर किती टिकेल याचा अंदाज बांधतं. शिवाय हजेरी, पीएफ, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) आणि कंपनीचं बिल एकाच जागी जोडतं. पुढच्या काही वर्षांत माझ्यासारख्या चार माणसांच्या एजन्सीलाही हे सगळं महिन्याच्या भाड्यावर परवडेल, याबद्दल मला शंका नाही.

यातल्या अर्ध्या गोष्टी मला मनापासून हव्या आहेत. महिनाअखेरीला तीन कंपन्यांच्या हजेऱ्या वेगवेगळ्या नमुन्यांत येतात, ओव्हरटाइमचे तास जुळत नाहीत, कुणाचं आधारवरचं नाव आणि बँकेतलं नाव वेगळं निघतं, पगार दोन दिवस लांबतो, आणि त्या दोन दिवसांत अशोकनगरच्या खोलीचं भाडं थकतं. हे काम यंत्राने करावं आणि आजच करावं. नोकरी लावून देतो म्हणून पोरांकडून आगाऊ पैसे घेणारी दुकानं आहेत. प्रत्येक जागेची, प्रत्येक पैशाची नोंद राहिली तर त्यांचं फावणं कमी होईल. त्यामुळे सॉफ्टवेअर नको असं म्हणणाऱ्यांत मी नाही. माझं भांडण गुणांशी आहे.

गुण कशावरून मिळतात ते नाशिकच्या मातीवर उभं राहून बघा. इगतपुरी, पेठ, सुरगाण्याकडचा मुलगा जुलैत भाताच्या आवणीला घरी जातो. दिंडोरी-निफाडकडच्या मुलाला ऑक्टोबर छाटणीला घरी थांबावं लागतं, कारण त्या पंधरवड्यात बागेला हात कमी पडले तर वर्ष जातं. बायोडाट्यात हे ‘गॅप’ म्हणून दिसतं. ज्या घराला दोन एकरांची शेती सांभाळायची आहे त्या घरातला मुलगा जबाबदार असण्याची शक्यता जास्त की कमी? मी सोळा वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, जास्त. यंत्राला हे कुणी सांगितलेलं नाही. त्याला शिकवलेले बायोडाटे बहुधा शहरातल्या ऑफिसांत बसणाऱ्यांचे आहेत, जिथे मोकळा महिना म्हणजे काहीतरी खटकलं असं धरतात.

नावाचंही तसंच. चौधरी हे आडनाव दहावीच्या मार्कशीटवर रोमन लिपीत एका प्रकारे असतं, आयटीआयच्या प्रमाणपत्रावर दुसऱ्या, आधारवर तिसऱ्या. माणसाच्या डोळ्याला ती एकच व्यक्ती दिसते. काटेकोर जुळणी करणाऱ्या यंत्राला ती तीन माणसं वाटतात किंवा कागद खोटे वाटतात. फोन नंबरचं तर विचारूच नका. घरात दोन भावांत एक फोन असतो, रिचार्ज संपलं की नवं सिम येतं, आणि सॉफ्टवेअर मात्र नंबरालाच माणसाची ओळख मानतं. गेल्या वर्षी आम्ही एक आवाजी बॉट महिनाभर वापरून पाहिला. तो सकाळी अकराला फोन लावायचा. तिसरी पाळी करून आलेली पोरं त्या वेळी गाढ झोपेत. तीन फोन उचलले नाहीत की शेरा पडायचा: प्रतिसाद देत नाही. आमच्याकडची रंजना नावाची मुलगी संध्याकाळी सहाला तेच नंबर लावायची आणि बहुतेक जण उचलायचे. त्या एका गोष्टीसाठी आम्ही बॉट बंद केला.

कुणी म्हणेल, माणूस तरी कुठे निःपक्ष होता? प्रश्न रास्त आहे आणि मला तो टाळायचा नाही. ‘आदिवासी पोरं टिकत नाहीत’ हे वाक्य मी गेटवर, केबिनमध्ये, फोनवर किती वेळा ऐकलं त्याची गणती नाही. आडनाव ऐकून बायोडाटा बाजूला ठेवलेला मी पाहिला आहे. ‘लग्न न झालेल्या मुली पाठवा’, ‘चाळिशीच्या पुढचे नकोत’, ‘अमुक गावचे नकोत, तिथे युनियनची हवा आहे’ हे सगळं आम्हाला सांगितलं जातं, आणि माझ्यासह बहुतेक एजन्सी ते मुकाट्याने ऐकत आल्या. भरतीत स्त्री-पुरुष भेद करायला १९७६ च्या समान वेतन कायद्यानेच मनाई केली होती, वेतन संहितेतही ती आहे. पण फोनवर सांगितलेली अट हवेत विरून जायची. पुरावा नाही, म्हणजे तक्रार नाही.

आणि इथेच मला सॉफ्टवेअरकडून सगळ्यात मोठी आशा आहे. फोनवरची अट विरते. सॉफ्टवेअरमध्ये टिचकी मारून लावलेली अट, म्हणजे ‘फक्त पुरुष’, ‘वय पस्तीसपर्यंत’, ‘अंतर वीस किलोमीटरच्या आत’, ही कुणी, कोणत्या तारखेला, किती वाजता लावली याची नोंद राहू शकते. भेदभावाला पहिल्यांदाच सही-शिक्का मिळतो. ही नोंद ठेवायची की पुसायची, आणि ठेवली तर कुणाला दाखवायची, हे मात्र सॉफ्टवेअर बनवणारा आणि विकत घेणारा ठरवतो. येत्या काही वर्षांत आमच्या धंद्याचा कल कुठे जाणार असं कुणी मला विचारलं, तर मी बॉट आणि गुणांच्या आधी या नोंदीबद्दल बोलेन.

बाहेरच्या जगात यावरून ठेचा लागून झाल्या आहेत. ॲमेझॉनने बायोडाट्यांना गुण देणारं यंत्र बनवलं होतं. आधीच्या दहा वर्षांच्या अर्जांवर ते शिकलेलं, आणि त्या अर्जांत पुरुष जास्त. त्यामुळे बायोडाट्यात ‘महिलांचा’ असा शब्द आला, उदाहरणार्थ महिलांच्या बुद्धिबळ क्लबची कप्तान, की गुण कापायला ते आपोआप शिकलं. ते बासनात गुंडाळलं गेल्याची बातमी २०१८ साली आली. अमेरिकेतच चाळिशी ओलांडलेल्या एका माणसाने २०२३ मध्ये वर्कडे या सॉफ्टवेअर कंपनीवर खटला भरला. वर्कडेची प्रणाली वापरणाऱ्या कंपन्यांकडे शंभराहून जास्त अर्ज केले आणि सगळीकडून नकार आला, असं त्याचं म्हणणं. खटल्याचा निकाल लागलेला नाही. पण मे २०२५ मध्ये न्यायालयाने चाळिशीपुढच्या इतर अर्जदारांनाही त्यात सामील व्हायची वाट मोकळी केली. मला त्यातला महत्त्वाचा मुद्दा हा वाटतो की जाब नोकरी देणाऱ्या कंपन्यांऐवजी थेट सॉफ्टवेअर विकणाऱ्याला विचारला गेला. न्यूयॉर्क शहरात जुलै २०२३ पासून असं यंत्र वापरायचं तर त्याची पक्षपातासाठी दरवर्षी त्रयस्थ तपासणी करून घ्यावी लागते. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्यात भरतीची यंत्रं ‘उच्च जोखीम’ गटात धरली आहेत.

आपल्याकडे काय? २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि मुख्य तरतुदी अमलात यायला दीड वर्षाची मुदत दिली आहे. आपली माहिती कुणाकडे काय आहे ते विचारण्याचा, चुकीची दुरुस्त करून घेण्याचा, पुसून टाकायला सांगण्याचा हक्क त्यात आहे. संमती घेताना द्यायची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, मिळण्याची सोय हवी असं त्यात म्हटलं आहे. माहिती सुरक्षित ठेवण्यात हयगय केली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. माझ्या रजिस्टरांत आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपांत हजारो माणसांचे आधारचे फोटो पडून आहेत. तो आकडा वाचला त्या रात्री मी नीट झोपलो नाही. नाशकातल्या कितीतरी एजन्सींची स्थिती हीच आहे.

पण या कायद्यात एक जागा रिकामी आहे. यंत्राने मला नाकारलं तर का नाकारलं हे सांगा, माणसाने पुन्हा बघा, असं म्हणण्याचा हक्क त्यात नाही. पेठचा मुलगा आपलं नाव, पत्ता, शिक्षण दुरुस्त करून घेऊ शकेल. ‘स्थैर्य कमी’ हा शेरा मात्र त्याला दिसणारही नाही.

हे असं का होतं, त्याचं कारण आमच्या धंद्याच्या हिशोबातच आहे. एक माणूस कायम जागेवर लावला की एजन्सीला साधारण त्याच्या एका महिन्याच्या पगाराएवढी, वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, फी मिळते. ठेक्यावर माणूस दिला तर पगारावर ठरलेला सर्व्हिस चार्ज. दोन्ही पैसे कंपनी देते, आणि ते तसंच असलं पाहिजे. उमेदवाराकडून पैसे घेणं मला मान्य नाही. पण त्याचा परिणाम असा की सॉफ्टवेअरमध्ये कंपनीसाठी एक पडदा असतो, एजन्सीसाठी एक पडदा असतो, आणि ज्याच्या आयुष्याबद्दल सगळं चाललं आहे त्याच्यासाठी फार तर अर्ज भरायचं एक पान असतं. अर्ज पाठवला की दार बंद.

मला जे सॉफ्टवेअर हवं आहे त्यात तिसरा पडदा असेल. फोनवर, मराठीत, आणि वाचायला त्रास होत असेल तर ऐकू येईल असा. त्यावर त्या मुलाला त्याच्याबद्दल काय नोंदलं आहे ते दिसेल, तीन जागी का घेतलं नाही ते दिसेल, आणि ‘ही नोंद चुकीची आहे’ असं म्हणायला एक बटण असेल, ज्यामागे माझ्या ऑफिसातला खराखुरा माणूस असेल. हे अशक्य नाही. पीएफचंच बघा. २०१४ मध्ये यूएएन, म्हणजे प्रत्येक कामगाराचा पीएफचा एकच कायमचा नंबर, आला, आणि ठेकेदार कितीही बदलले तरी कामगाराला आपली सगळी खाती एका नंबराखाली बघता येऊ लागली. पूर्वी काम सुटल्याची तारीख ठेकेदाराने भरली नाही तर पैसे अडकून पडायचे, आम्ही लोकांना हेलपाटे घालताना पाहिलं आहे. आता ती तारीख कामगाराला स्वतः भरता येते. नोंद भरायचा हक्क नोंद ज्याची आहे त्याच्याकडे थोडासा सरकला तर केवढा फरक पडतो, हे सातपूरच्या कुठल्याही हेल्परला विचारा.

डेमो देणाऱ्या तरुणाला मी हे सगळं बोललो. तो चांगला मुलगा होता, त्याने लिहून घेतलं. मग म्हणाला, सर, एका छोट्या ग्राहकासाठी कंपनी असे बदल करत नाही. खरं आहे. म्हणून माझं म्हणणं नाशिकच्या सगळ्या एजन्सींना आणि ‘निमा’, ‘आयमा’ या आपल्या उद्योजक संघटनांना आहे. वीज, रस्ते, घरपट्टी यांवर आपण एकत्र बसतो, तसं यावर एकदा बसू या. पन्नास एजन्सी आणि त्यांच्या ग्राहक कंपन्या मिळून म्हणाल्या की उमेदवाराचा पडदा नसेल तर विकत घेणार नाही, काम थांबण्याचं कारण आणि ते कुणी थांबवलं हा रकाना नसेल तर घेणार नाही, लावलेल्या अटींची नोंद पुसता येत असेल तर घेणार नाही, तर विकणारे ऐकतील. कंपन्यांचाही यात तोटा नाही. त्या दिवशी ३८ गुणांवर पडलेला मुलगा त्यांना हवा होता तसाच ऑपरेटर होता. मशीन बंद ठेवून ते ‘स्थिर’ माणसाची वाट बघत बसले.

वेळ फार नाही. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत. त्याआधी सुरक्षारक्षक, सफाई कामगार, चालक, हॉटेलांतले आणि तंबूंतले मदतनीस, बांधकामावरचे मजूर अशी मोठी भरती नाशिक आणि त्र्यंबकेश्वरात होणार, आणि त्यातली पुष्कळशी एजन्सींमार्फत, पहिल्यांदाच मोबाइलवरच्या सॉफ्टवेअरमधून. त्यातल्या कित्येक माणसांची ही पहिली डिजिटल नोंद असेल. पर्वणी संपली की कामही संपेल. ते ठरलेलंच आहे. मग पुढल्या वर्षी अंबडच्या एखाद्या कंपनीत अर्ज केल्यावर यंत्र त्या नोंदीत काय वाचेल? काम पाच महिन्यांत सुटलं. पर्वणी होती, काम तेवढंच होतं, हे कुणीतरी आत्ताच लिहून ठेवलं नाही तर तेव्हा सांगायला कुणी नसेल.

आम्ही ते सॉफ्टवेअर अजून घेतलेलं नाही. दरम्यान आमच्या रजिस्टरात आणि एक्सेलमध्ये दोन रकाने वाढवले: काम कुणी थांबवलं, आणि का. पहिल्या आठवड्यात सिन्नरच्या एका मुलाने पेन हातात धरून विचारलं, “सर, खरं लिहू का? खरं लिहिलं तर पुढची कंपनी घेईल ना?” मी त्याला लिही म्हणालो. घेईल की नाही याची हमी मी देऊ शकलो नाही, आणि तसं त्याला सांगितलंही. त्याने थोडा वेळ विचार करून लिहिलं.

पेठच्या मुलाचं पान मी स्वतः काढलं. तीन ओळींसमोर तीनदा लिहिलं: कंपनीच्या सूचनेवरून आमच्या एजन्सीने थांबवलं, कामाबद्दल तक्रार नाही. खाली तारीख घातली आणि सही केली. त्या पानाचा फोटो त्याला पाठवला आणि म्हटलं, पुढे कुणीही विचारलं तर हा दाखव आणि माझा नंबर दे.